जरतार कमी चालेल, पुरावा हवा

ऐतिहासिक मालिका किंवा महानाट्य आलं की पोशाखावर चर्चा होते आणि ती ठरलेल्या वळणाने जाते. राजा राजासारखा दिसला का? राणीच्या अंगावर पुरेसे दागिने होते का? कुणाच्या भावना दुखावल्या का? जामा, म्हणजे काखेखाली बंदांनी बांधायचा घेरदार अंगरखा, कुठल्या काखेत बांधला होता, त्याचा घेर त्या काळाला धरून आहे का, तो रंग तेव्हा कापडाला देता येत होता का, असं विचारणारा माणूस या गर्दीत शोधावा लागतो. सापडलाच तर त्याला कीस पाडणारा म्हणून बाजूला बसवतात.

मला हा कीस महत्त्वाचा वाटतो. मध्ययुगीन दख्खनमध्ये माणसं काय घालत होती याचा पुरावा आपण धरून चालतो तितका दुर्मीळ नाही. तो विखुरलेला आहे, बराचसा परदेशात आहे, उरलेला कपाटात आहे, आणि ज्याच्या हाती कात्री आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचावा म्हणून कुणी मुद्दाम खटपट केलेली दिसत नाही. ही खटपट कपडेपट सांभाळणाऱ्या माणसाच्या गळ्यात घालणं अन्यायाचं आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संग्रहालयांनी आणि संशोधनसंस्थांनी ती करायला हवी. मध्ययुग म्हणताना मी मराठी इतिहासलेखनाच्या रिवाजाप्रमाणे यादवकाळापासून सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा काळ धरतो आहे.

आधी खरी अडचण मान्य करू. कापड टिकत नाही. मध्ययुगीन कपडे शिवू पाहणाऱ्या युरोपियनांचं नशीब या बाबतीत थोर. ग्रीनलंडमधल्या हेर्योल्फ्सनेस इथल्या जुन्या दफनभूमीत १९२१ साली पोल नॉर्लंड यांनी उत्खनन केलं, तेव्हा गोठलेल्या मातीतून मध्ययुगाच्या उत्तरार्धातले लोकरी झगे, टोपडी, पायमोजे निघाले. स्वीडनमध्ये बॉक्स्टेनच्या दलदलीत १९३६ साली सापडलेल्या माणसाच्या अंगावर चौदाव्या शतकातला जवळजवळ सगळा पोशाख शाबूत होता. या कपड्यांची मापं घेतली गेली, काखेतल्या पट्टीपासून घेरातल्या कळीपर्यंत, म्हणजे घेर वाढवणाऱ्या त्रिकोणी तुकड्यापर्यंत, प्रत्येक तुकड्याचा नकाशा छापला गेला. आज कुठल्याही देशातला हौशी माणूस तो नकाशा समोर ठेवून तसा झगा शिवू शकतो, आणि हजारो जण शिवतात.

आपल्याकडे पाऊस आहे, वाळवी आहे, कसर आहे. हिंदूंची प्रेतं जाळली जातात, त्यामुळे थडग्यातून कपडे निघण्याची वाटही बहुतांशी बंद. त्यात आपली काटकसर. जुनं लुगडं गोधडीत जातं, गोधडी विरली की तिचं पोतेरं होतं. भरजरी वस्त्राची गत तर याहून वाईट. ते विरलं की जाळून त्यातलं सोनं-रुपं काढून घ्यायची रीत होती. म्हणजे वस्त्र जितकं श्रीमंत, तितकी त्याच्या राखेची किंमत जास्त आणि वाचण्याची शक्यता कमी. संग्रहालयात मध्ययुगीन मराठी पोशाख का दिसत नाहीत, याचं उत्तर परकीय आक्रमणात शोधायला फार लांब जायला नको. ते आपल्याच घरातल्या चुलीत आणि गोधडीत सापडतं.

भारतातलं मध्ययुगीन सुती कापड सापडलं ते कुठे, तर इजिप्तमध्ये. जुन्या कैरोतल्या फुस्तात या भागात, कोरड्या उकिरड्यात, गुजरातेतून गेलेल्या छापील कापडाचे तुकडे शेकडो वर्षं पडून राहिले. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात असे हजाराहून अधिक तुकडे आहेत आणि त्यातले काही दहाव्या-अकराव्या शतकाइतके जुने आहेत. निळीत बुडवलेले, ठशाने रंग अडवून नक्षी उमटवलेले, लाल आणि तपकिरी. हे राजवस्त्र नव्हतं. जहाजात गठ्ठे भरून जाणारा रोजच्या वापराचा माल होता. पडद्यावरच्या मध्ययुगात मात्र ठशाचं साधं सुती कापड घातलेला व्यापारी, कारकून किंवा शिलेदार क्वचित दिसतो. तिथे सगळे दरबारालाच निघालेले असतात.

कापड नाही तर चित्रं बघावीत, आणि ती आपल्याजवळ आहेत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ची सचित्र हस्तलिखित पोथी आहे. अहमदनगरच्या पहिल्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं हे फारसी काव्य तालिकोटच्या लढाईच्या सुमाराचं, म्हणजे १५६५ च्या आसपासचं. तिच्यातल्या चित्रांत राणी खुन्जा हुमायून शहाशेजारी बसलेली दाखवली होती. काही ठिकाणी तिची आकृती नंतर पुसून टाकलेली आहे. या चित्रांतल्या बायकांचा वेश पाहण्यासारखा आहे. आखूड चोळी आणि गोंडे लावलेली लांब वेणी ही उत्तरेकडची, आणि त्यावर अंगाभोवती फिरवून घेतलेलं लांब वस्त्र दक्षिणेच्या वळणाचं. सोळाव्या शतकातल्या नगरमध्ये, आजच्या महाराष्ट्राच्या ऐन मध्यात, पोशाख असा सरमिसळीचा होता. ‘अस्सल मराठमोळा’ वेश म्हणून जे आपण तेव्हाच्या काळावर चढवतो, त्याच्या आड येणारा हा पुरावा आहे. बहुधा म्हणूनच त्याची आठवण कमी काढली जाते.

विजापूरची ‘नुजूम-उल-उलूम’ ही १५७० ची पोथी डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात सोळाव्या शतकाच्या मध्यावर पोर्तुगीजांसाठी काढलेला चित्रसंग्रह आहे. त्यात गोव्याच्या आणि कोकणपट्टीच्या परिसरातले शेतकरी, कारागीर, बायका, त्यांच्या अंगावरच्या कपड्यांसह दिसतात, आणि चित्रकाराचा हात बहुधा हिंदुस्थानी असावा असं जाणकार मानतात. गोव्यात १५८३ ते १५८८ राहिलेल्या लिन्सखोतेन या डच प्रवाशाच्या प्रवासवर्णनातली चित्रंही याच कामाची. फक्त ती हॉलंडमध्ये तांब्यावर कोरली गेली, म्हणून त्यातल्या गोवेकरांची अंगकाठी ग्रीक पुतळ्यांसारखी झाली आहे. कोरक्याने दंड फुगवले असतील तर धोतराच्या चुण्याही त्याच्या मनच्याच असणार, एवढी शंका घेऊन ती पाहावीत.

ही शंका घेण्याची सवय हाच पोशाखाच्या संशोधनाचा गाभा आहे. वीरगळावरचा योद्धा काच्या मारलेला, कमरेला कट्यार लावलेला दिसतो. पण पाथरवटाने वस्त्र कोरलं आहे की वस्त्राची खूण? यादवकाळातल्या शिल्पात उघड्या छातीची बाई दिसली म्हणून बायका तशाच वावरत होत्या असं म्हणता येत नाही, आणि पारदर्शक वस्त्राची रेघ मांडीवर दिसली म्हणून ते वस्त्र खरोखरच तितकं तलम होतं असंही नाही. चित्राचंही तेच. चित्रकाराचा रंग आणि रंगाऱ्याचा रंग वेगळा. पोथीतला झळझळीत पिवळा हरताळाचा असेल, लाल हिंगुळाचा असेल. ही खनिजं कागदावर बसतात, सुतात मुरत नाहीत. कापडाचा पिवळा हळदीचा, डाळिंबाच्या सालीचा, लाल आलाचा, मंजिष्ठेचा, लाखेचा, निळा निळीचा. त्याला हिरड्याचा आणि तुरटीचा आधार. खानदेश-वऱ्हाडात आल लावत असत, तो या लाल रंगासाठी. या रंगांची रेंज मोठी आहे, त्यात खोली आहे. पण पडद्यावर दिसतो तो विजेरी गुलाबी आणि जांभळा त्यात नाही. विल्यम पर्किनने लंडनमध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम जांभळा काढला तो १८५६ साली. त्याआधीच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या मावळ्याला तो नेसवताना निदान एकदा अडखळावं.

आता शिवकाळाकडे येऊ, कारण मराठी कपडेपटाचा बहुतेक कारभार तिथेच चालतो.

एके काळी शिवाजी महाराजांचं म्हणून जे चित्र छापलं जाई, ते इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच सरदाराचं होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ते दाखवून दिलं आणि डच साधनांतून मिळालेलं महाराजांचं चित्र १९३३ साली लोकांपुढे ठेवलं. आराध्यदैवत मानलेल्या माणसाच्या चेहऱ्याबद्दलही आपण इतके बेफिकीर राहू शकतो, तिथे अंगरख्याच्या बंदाची काय कथा! बेंद्रे यांनी जे चेहऱ्याचं केलं, ते कपड्यांच्या बाबतीत करायचं अजून बाकी आहे.

महाराजांची काळाला जवळची मानली जाणारी चित्रं प्रामुख्याने गोवळकोंड्याच्या वळणाची आहेत. एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, १६८० ते १६८७ च्या दरम्यानचं धरलं जाणारं. एक ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, विट्सेन नावाच्या डच गृहस्थाच्या संग्रहात, १६८६ च्या सुमाराचं. घोड्यावरचं एक पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, मनुची या इटालियन प्रवाशाने मीर मुहंमद या चित्रकाराकडून काढून घेतलेल्या संचातलं. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ साली, महाराज भागानगरला, म्हणजे हैदराबादला, गोवळकोंड्याच्या कुतुबशहाच्या भेटीला गेले होते, हे लक्षात घेतलं तर गोवळकोंड्याच्या चित्रकारांना त्यांचं रूप ठाऊक असण्याला आधार मिळतो. पण तिथले चित्रकार परदेशी गिऱ्हाइकांसाठी राजेलोकांचे संचच्या संच काढत होते, हेही तितकंच खरं. चेहरा ओळखीचा आणि अंगावरचे कपडे साच्यातले, असं होऊ शकतं. म्हणून या चित्रांतला जामा, कमरेचा पटका, तंग विजार आणि तुऱ्याचं शिरोवस्त्र यांना ‘त्या दरबारी वर्तुळात चालणारा वेश’ इतकाच दाखला द्यावा. हाच जामा महाराजांच्या अंगावर होता असं छातीठोक म्हणू नये.

लिखित साधनं याच्या जोडीला ठेवली की चित्र भरू लागतं. सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जिंजीला, राजारामांच्या काळात लिहिली गेली. अफझलखानाच्या भेटीसाठी महाराज सजले तो प्रसंग सांगताना तिथे कुडती येते, मंदील म्हणजे जरीचं पागोटं येतं, चोळणा म्हणजे विजार येते. प्रसंग १६५९ चा, लेखन पस्तीस-चाळीस वर्षांनंतरचं. तरी लिहिणारा त्याच दरबारातला माणूस आहे आणि कपड्यांची नावं त्याच्या रोजच्या वापरातली आहेत. त्याच बखरीत अठरा कारखान्यांच्या यादीत जामदारखाना, म्हणजे वस्त्रांचं कोठार, आहे. पोशाख हा राज्याच्या हिशेबातला विषय होता. आणखी मागे जायचं तर कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा बाराव्या शतकातला ‘मानसोल्लास’ आहे. त्यात राजाने वस्त्रं कुठून आणावीत याची यादी येते: नागपट्टण, चोलदेश, सिंहल, अणहिलवाड, मुलतान, कलिंग, वंग, थेट महाचीन. ज्याला वाटतं की मध्ययुगात गावातलं सूत गावात विणून गावातच नेसत असत, त्याने ही यादी वाचावी.

आग्र्याचा १६६६ चा प्रसंगही कपड्यांचाच आहे, आपण तो तसा सांगत नाही इतकंच. दरबारात इतरांना खिलतीची, म्हणजे बादशहाने द्यायची मानाची, वस्त्रं मिळाली, महाराजांना वगळलं गेलं आणि मग देऊ केलेली खिलत त्यांनी अंगावर घ्यायला नकार दिला, असं राजस्थानी पत्रांत आलं आहे. दिलेलं वस्त्र घालणं म्हणजे देणाऱ्याची चाकरी मान्य करणं, हे त्या सभेतल्या प्रत्येकाला कळत होतं. मोगल, राजपूत, दख्खनी आणि मराठे एकाच पोशाखाची भाषा समजत होते, म्हणूनच त्या नकाराला धार होती. पडद्यावर मात्र शत्रूचा पोशाख काळा-हिरवा आणि आपला भगवा-पांढरा अशी वाटणी झालेली असते, दूर बसलेल्या प्रेक्षकाला बाजू पटकन कळावी म्हणून. या सोयीत आग्र्याच्या दरबारातलं नाट्यच मारलं जातं.

दोन्हीकडचा पोशाख एका घडणीचा असला तरी तपशिलात फरक होते, आणि ते फारच रंजक आहेत. मोगल-राजपूत चित्रांच्या अभ्यासकांनी नोंदवलेली एक खूण अशी की हिंदू जामा डाव्या काखेखाली बांधत आणि मुसलमान उजव्या. अकबराच्या काळातल्या चित्रांत जाम्याच्या घेराला खाली टोकं असतात. पुढे ती जातात, काठ सरळ होतो. अठराव्या शतकात घेर फुगतो आणि घोट्यापर्यंत उतरतो. दख्खनचा हिशेब वेगळा. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या चित्रांत सोळाव्या शतकाच्या अखेरीसच जामा लांब आहे. म्हणजे जाम्याची लांबी सांगायची तर साल आणि दरबार दोन्ही सांगावे लागतात. बाजारात भाड्याने मिळणाऱ्या ‘शिवकालीन ड्रेस’ला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला पाठीत चेन असते, छातीवर बटणं असतात आणि गळ्याभोवती यंत्राने विणलेली सोनेरी लेस.

चेन दिसू नये म्हणून वरून शेला टाकता येतो, मला त्याचं फार दुःख नाही. दुःख आहे ते कापणीचं. जुना जामा हा मागावरून उतरलेल्या कापडाच्या पन्ह्यातून जन्मतो. विणकराचा तास वाया जाऊ नये म्हणून तुकडे आयताचे आणि त्रिकोणाचे, काखेत चौकोनी बगल, घेराला कळ्या, कडेला मगजी, बांधायला बंद. मापाचा टेप आणि फ्रेंच वळणाची पट्टी घेऊन आजचा शिंपी बाहीचा गोल काढतो तेव्हा कपडा अंगाला बसतो, पण हालचाल बदलते. चौकोनी बगलेच्या जाम्यात हात डोक्यावर नेला तरी कंबर वर ओढली जात नाही; तलवार चालवणाऱ्या माणसाला ते हवंच होतं. आधुनिक कोटासारख्या बाहीत नट हात उचलतो आणि अख्खा जामा उचलला जातो, मग दिग्दर्शक म्हणतो की या पोशाखात लढाईची दृश्यं करता येत नाहीत. चार वार मांजरपाट घेऊन जुन्या पद्धतीने एक कच्चा जामा कापून पाहिला की हे अर्ध्या दिवसात कळतं. चित्रात वर्षानुवर्षं डोळे घालूनही ते कळत नाही. शिवून पाहणं हे पोशाखाच्या बाबतीत संशोधनच आहे, आणि आपल्या विद्वानांनी ते शिंप्याचं काम म्हणून खालच्या पायरीवर ठेवलं. शिंप्याने आपल्या बाजूने विद्वानांचे लेख कधी पाहिले नाहीत. त्याला ते मिळालेही नाहीत.

पगडीबद्दल एकच गोष्ट सांगतो. शिंदेशाही पगडी ज्या घराण्याच्या नावाने ओळखली जाते, ते घराणं नावारूपाला आलं अठराव्या शतकात. ती १६६० च्या पन्हाळ्यावर दिसली तर निदान नावाकडे बघून तरी कुणीतरी हात वर करावा.

बायकांच्या पोशाखावर मी जरा जास्त बोलेन, कारण तिथे गोंधळ सगळ्यात दाट आहे. मालिकेतली सतराव्या शतकातली स्त्री बहुधा शिवलेली, आधीच निऱ्या पाडलेली, काष्टा घट्ट बसवलेली नऊवारी नेसते. पदरावर मोर, काठ वीतभर, आणि कापड कृत्रिम रेशमाचं. सरदाराची बायको, कुणबीण आणि दासी यांच्यात फरक असतो तो फक्त रंगाचा. खरं तर लुगड्याचा वर्ग कापडाच्या जाडीवरून, काठाच्या रुंदीवरून, नेसण्याच्या उंचीवरून कळतो. शेतात उभं राहणारीचा काष्टा गुडघ्याजवळ येतो, घरात बसणारीचा घोट्याशी. ही माहिती पोथ्यांत शोधायची गरज नाही. परवापरवापर्यंत गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या अंगावर होती. पण आजीच्या नेसण्यावरून सतराव्या शतकाकडे सरळ उडी मारता येत नाही, हेही सांगायला हवं. नगरच्या पोथीतली चोळी आणि आजीची चोळी यांत चारशे वर्षं आहेत. मधल्या काळासाठी वाई-मेणवलीकडची भित्तिचित्रं आहेत, पेशवे दप्तरातले खरेदीचे आणि देण्याघेण्याचे कागद आहेत. अलीकडच्या काळाकडून मागे, एकेक पायरी उतरत जावं लागतं आणि जिथे पायरी नाही तिथे ‘इथे आम्ही अंदाज केला’ असं लिहावं लागतं.

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत. रोजच्या मालिकेला वेळ कुठे असतो? नसतो, कबूल. पण पांढऱ्या मलमलीचा जामा किनखापाच्या, म्हणजे जरीच्या रेशमी कापडाच्या, नकलेपेक्षा स्वस्त पडतो आणि एकदा कापणी बसली की शंभर जाम्यांना तीच चालते. पुराव्याने काम महाग होतं हा गैरसमज आहे. महाग पडतात ते खडे, टिकल्या आणि सोनेरी फीत.

दुसरा आक्षेप भक्तीचा. साधा सुती जामा घातलेले महाराज लोकांना चालणार नाहीत म्हणे. मला हे लोकांना कमी लेखणं वाटतं. तलम मलमल ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती, आणि गोवळकोंड्याच्या चित्रकाराने कुठल्याही राजाचं ऐश्वर्य दाखवताना कापडाच्या झिरझिरीतपणावर भर दिला आहे. ऐश्वर्य म्हणजे वजनदार जर, ही समजूत आपल्या लग्नसराईतली आहे. ती तिथे खुशाल असावी.

तिसरा आक्षेप कलेच्या स्वातंत्र्याचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. नाटकाने पोशाखाशी हवा तो खेळ करावा. म्हणूनच पोशाख तपासणारी सरकारी समिती नेमा, अशी मागणी मी कधीच करणार नाही. अशी समिती आली की तिच्यात पहिल्या दिवसापासून भावना दुखावणारे बसतील आणि शेवटच्या दिवसापर्यंत शिंपी बसणार नाही. हौशी शुद्धिवाद्यांचाही मला धाक वाटतो. पॉलिस्टरचा अंगरखा घालून दुसऱ्याच्या बंदाची बाजू तपासत फिरणारी माणसं आता किल्ल्यांवर भेटू लागली आहेत.

मागणी वेगळी आहे आणि लहान आहे. जिथे सार्वजनिक पैसा लागतो, म्हणजे अनुदानित चित्रपट, सरकारी महोत्सव, संग्रहालयातली देखाव्याची दालनं, तिथे पोशाखामागे एक पानाची टीप असावी. हा जामा अमुक चित्रावरून, हा रंग अमुक आधारावर, पादत्राणं अंदाजाने, दागिने दिग्दर्शकाच्या आवडीने. गुण देऊ नयेत, नापास करू नये. फक्त जाहीर करावं. अनुदान मागणाऱ्याला जमाखर्च द्यावा लागतो, तसा हा कपड्यांचा जमाखर्च.

आणि संग्रहालयांनी दारं उघडावीत. लंडनहून वाघनखं २०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्याला आली तेव्हा लोक रांगा लावून बघायला गेले. ती महाराजांचीच, असा दावा ती देणाऱ्या संग्रहालयानेही केला नव्हता, तरी गर्दी हटली नाही. त्या उत्साहाचा दहावा हिस्सा कपड्यांच्या वाट्याला येऊ द्या. राइक्सम्युझियममधलं महाराजांचं चित्र पुण्यात बसून मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्या हजारो चित्रांवरची आडकाठी काढून टाकली आहे. आपल्या राज्यातल्या पोथ्या आणि वस्त्रं तशी पाहता यावीत, झूम करून काखेतली टीप दिसावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. काचेआड सुरकुतलेला अंगरखा ‘ऐतिहासिक पोशाख’ एवढ्याच पाटीवर टांगून ठेवण्यापेक्षा त्याच्या आतल्या शिवणीचा एक फोटो शेजारी लावणं फार खर्चाचं नाही.

सुरुवात अठराव्या शतकापासून करावी, मध्ययुग तिथे संपलं असलं तरी, कारण त्या काळातले शिवलेले कपडे थोडेतरी हाताशी आहेत. एक जामा, एक अंगरखा, एक चोळी. मापं, धाग्यांची जाडी, कळ्यांची संख्या, टाक्यांचा प्रकार, सगळं मराठीत, शिंप्याला वाचता येईल अशा नकाशात. मग त्या कापणीला हातात धरून सतराव्या शतकातल्या चित्रांकडे, तिथून नगरच्या पोथीकडे जावं. हे नकाशे फुकट ठेवावेत, म्हणजे दादरच्या भाड्याच्या दुकानापासून परदेशातल्या मराठी मंडळाच्या शिवजयंतीपर्यंत सगळ्यांना ते वापरता येतील. नकाशात चूक निघाली तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करावी आणि ज्याने दाखवली त्याचं नाव पहिल्या पानावर छापावं. ते बहुतेक वेळा एखाद्या शिंप्याचं असेल.